कंपाउंडरच्या खोलीतली बाई

१

मेलेल्या माणसाच्या मोबाईलवर मेसेज येतो यात नवल ते काय! कर्ज घ्या, प्लॉट घ्या, टकलावर केस उगवून घ्या म्हणणाऱ्यांना माणूस जिवंत आहे की गेला याचं सोयरसुतक नसतं. पण त्या सकाळी कंपाउंडरच्या पलंगाखाली पडलेला फोन टुणकन वाजला, पोलीस मॅडमनी वाकून तो उचलला, तर पडद्यावर लिहिलेलं होतं : आपला रिचार्ज यशस्वी झाला आहे.

मॅडमनी एकदा फोनकडे पाहिलं आणि एकदा पलंगाकडे. कंपाउंडर भिंतीला टेकून बसल्याबसल्याच गेले होते. आदल्या संध्याकाळीच गेले असणार, बहुतेक हृदयाचं, असं डॉक्टर आत्ताच सांगून जिना उतरला होता. पायात एकच चप्पल होती, दुसरी दाराशी पडली होती. दाराला आतून कडी लावलेली नव्हती, म्हणूनच शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं होतं.

"कमाल आहे," शिपाई म्हणाला. "माणूस गेला आणि कुणीतरी त्याला बोलायचे पैसे पाठवतंय."

मॅडमची दाढ दोन दिवसांपासून ठणकत होती आणि विनोद ऐकायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी फोन त्याच्या हातात दिला. साधा, बटणांचा, बिनकुलपाचा फोन होता. शिपायानं आधी केलेले फोन काढले. काल संध्याकाळी एकामागून एक, एकाच नावाला फोन लावलेले होते. नाव होतं 'थोरली'. मग त्यानं त्याच फोनवरून स्वतःचा नंबर लावला. त्याच्या खिशात गाणं वाजायला लागलं.

"फोन ठणठणीत आहे मॅडम. पैसेही आहेत त्यात."

"म्हणजे फोन गेले होते," दारातून आवाज आला. कंपाउंडरचा धाकटा मुलगा. फर्निचरच्या शोरूममध्ये सोफे विकायचा; रोज कामावर जाताना बापाकडे डोकावायचा. त्यानंच सकाळी पहिल्यांदा पाहिलं होतं. डोळे लाल, पण आवाज मात्र जिन्यावर बसलेल्या प्रत्येकाला ऐकू जाईल असा. "बघा तुम्हीच. माझा बाप मरताना ताईला फोन करत होता, आणि तिनं एकही उचलला नाही. एकही!"

जिन्यावर कुजबुज झाली. तिथं आत्या बसली होती, दोन चुलते बसले होते, खालच्या मजल्यावरची माणसं होती. त्यांच्यापासून चार पायऱ्या खाली, एकटीच, थोरली बसली होती. इस्पितळाच्या धुलाईखान्यातून तशीच आली होती, अंगावरचा निळा एप्रन काढायचंही तिला सुचलं नव्हतं. भावाचं बोलणं ऐकून तिनं मान वर केली नाही. तिच्या शेजारी कुणी सरकलंही नाही.

मॅडमना वाटलं, झालं, प्रकरण संपलं. म्हातारा माणूस, दुखणं, न उचललेला फोन. यात पोलिसांनी काय करायचं? कागद करायचा आणि जायचं, तेवढ्यात एखादा दाताचा डॉक्टर सापडला तर बरं.

तेवढ्यात समोरच्या दारातल्या शिकवणीच्या बाई पुढे आल्या. पदर तोंडाशी धरला होता.

"मला एक सांगायचंय," त्या हळूच म्हणाल्या. "काल संध्याकाळी त्यांच्या खोलीत कुणीतरी बाई होती."

२

शिकवणीच्या बाईंच्या खोलीत फळा होता, सतरंजी होती आणि फळ्यावर कालचे पाढे तसेच होते. बाईंची आणि कंपाउंडरची भिंत एकच.

"मुलं पाढे म्हणत होती तोवर मला काही ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहितीये ना, मुलं पाढे म्हणायला लागली की शेजारी भूकंप झाला तरी कळायचा नाही. मुलं गेली आणि मग ऐकू आलं. कंपाउंडर बोलत होते. अहो बाई, ऐका. अहो बाई, एकदाच. असं परत परत."

"आणि ती बाई? ती काय म्हणत होती?"

"तिचा आवाज बारीक. शब्द नाही कळले. पण होती हं बाईच. शांतपणे बोलत होती. हे काकुळतीला आलेले, आणि ती आपली शांत. मला राग आला तिचा."

"मग तुम्ही जाऊन पाहिलं नाही?"

बाईंचे डोळे भरले. "कसं जायचं हो? एकटा माणूस, घरात कुणी बाई, काहीतरी देणंघेणं असेल, भांडण असेल. दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय नाही मला. आता वाटतं, असती सवय तर बरं झालं असतं."

"ती जाताना दिसली?"

"नाही. कडी काढल्याचा आवाज मात्र आला होता. पाढे मध्येच थांबले होते तेव्हा की मुलं गेल्यावर, ते आता आठवत नाही. सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं तर धाकटा जिन्यात बसलेला. मोबाईलमध्ये डोकं घालून. मला वाटलं ऑफिसला काही कळवत असेल. मग थोड्या वेळानं तो ओरडला, बाबा गेले म्हणून."

मॅडम जिन्यात आल्या आणि थोरलीला त्यांनी वरच्या गच्चीवर नेलं. तिथं जिन्यावरचे डोळे नव्हते. आभाळ भरून आलेलं, हवा कोंदट. थोरली पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिली. पन्नाशीची, हात गरम पाण्यानं आणि साबणानं कातरून गेलेले.

"काल संध्याकाळी तू इथं आली होतीस?"

"नाही. काल जादा गाठोडी आली होती, सुटी झाली नाही. रोज चहाच्या सुटीत मी बाबांना फोन करते. काल नाही केला." तिनं एप्रनचा खिसा चाचपला. "काल एकच दिवस नाही केला."

"त्यांचे फोन आले होते तुला."

"नाही आले. फोन माझ्या एप्रनच्या खिशात असतो, थरथरत ठेवलेला. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, पण अंगाला कळतं. आणि नाही कळलं तरी न घेतलेले फोन दिसतात ना नंतर? एकही नव्हता." तिनं फोन पुढे केला. "पण भाऊ म्हणतो, मी पुसून टाकले. आत्याला पटलं ते. सगळ्यांनाच पटलं."

"आणि तुला काय वाटतं?"

थोरलीनं फोन परत एप्रनच्या खिशात टाकला. मग म्हणाली, "मॅडम, सकाळपासून एवढ्या लोकांनी विचारलंय की आता मलाच वाटायला लागलंय, थरथरला असेल. मी गाठोडी उचलत असेन. बाबा तिकडे माझं नाव घेत असतील आणि मी चादरी मोजत असेन. मला एवढंच शोधून द्या, मी फोन घेतला नाही का? बाकी मला काही नको. जे असेल ते सांगा, मी ऐकून घेईन."

तिचे डोळे कोरडे होते. बाप गेलेली मुलगी आणि डोळे कोरडे, हेही जिन्यावर तिच्या विरुद्धच बोललं गेलं होतं. मॅडमना मात्र ते कळत होतं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला रडायला सवड कुठे असते.

"तुझे बाबा तुला काय म्हणायचे?"

"पोरी म्हणायचे. पन्नाशीची झाले तरी पोरी."

"अहो बाई असं कधी म्हणाले, गमतीनं?"

"मला? छे. दवाखान्यात पेशंट बायकांना म्हणायचे, अहो बाई. अनोळखी बाईला."

म्हणजे खोलीत थोरली नव्हती. एक अनोळखी बाई होती, जिच्यापुढे कंपाउंडर हात जोडत होते आणि जी शांतपणे नाही म्हणत होती.

"बरं, बाबांचा रिचार्ज कोण करतं?" मॅडमनी जाता जाता विचारलं.

"आधी मी करायचे. मग भावाला वाटलं लोक काय म्हणतील, मुलगा असून मुलगी करते. आमचं त्यावरून केवढं वाजलं! म्हणाला, बापाचा फोन मी बघतो, तुझे उपकार नकोत. तेव्हापासून तोच करतो."

"आज सकाळी तू केलास?"

"मेलेल्या माणसाचा रिचार्ज कोण करेल मॅडम?" थोरली म्हणाली.

मॅडमही सकाळपासून हेच विचारत होत्या.

३

धाकट्याला रिचार्जचं विचारलं तर तो चपापला आणि लगेच सावरला. "ताईनंच केला असेल. अपराध्यासारखं वाटलं असेल, दुसरं काय." बाईबद्दल विचारलं तर खांदे उडवले. "असेल कुणी दवाखान्यातली जुनी ओळख. शेजारणीला काय, भिंतीला कान लावून बसलेली असते. तुम्ही खरं ते बघा मॅडम. फोन लागत होता, तुमच्या शिपायानंच लावून पाहिला. ताईनं उचलला नाही. यात गूढ काय आहे?"

गूढ एवढंच होतं की तो फार घाईत होता. सोफा विकताना गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानात जाऊ द्यायचं नसतं, तसा तो मॅडमना एकाच ठिकाणी धरून ठेवायला बघत होता.

मोबाईल कंपनीकडून फोनचे कागद मागवायला शिपाई गेलाच होता, पण ते यायला दिवस लागतात; इकडे इस्पितळात तपासणीला नेलेले कंपाउंडर दुपारी परत येणार आणि त्यांना पोचवलं की जिन्यावरची माणसं आपापल्या घरी जाणार, जाताना थोरलीवरचा ठपका बरोबर घेऊन. तो मग कुठल्या कागदानं पुसणार? मॅडम खाली उतरल्या. कोपऱ्यावर रिचार्जचं दुकान होतं. झेरॉक्स, कव्हर, चार्जर आणि रिचार्ज. दुकानदार ताडमाड, म्हणून सगळे त्याला टॉवर म्हणत.

"कंपाउंडर गेले ऐकलं. वाईट झालं," टॉवर म्हणाला. "नाही मॅडम, आज त्यांचा रिचार्ज माझ्याकडून नाही गेला. हल्ली घरबसल्याही करतात की."

"नेहमी कोण यायचं?"

"थोरली. काय सांगू, माझं डोकं खायची! हा प्लॅन काय, तो काय, यात किती बोलता येतं, त्यात कधी संपतो. मी म्हणायचो, ताई, मोबाईलचा रिचार्ज घेताय की पोरीचं लग्न ठरवताय? तर म्हणायची, बाबा एकटे असतात, त्यांना हवं तेव्हा हवं तितकं बोलता आलं पाहिजे, आणि मला परवडलंही पाहिजे. शोधून शोधून बरोबर तसा काढायची. मग धाकटा यायला लागला. तो उभ्या उभ्या विचारायचा, सगळ्यात स्वस्त काय?"

"आणि तू द्यायचास."

"द्यायलाच बसलोय. मागच्या वेळी मात्र मी बोललो हं. त्यानं छोटा टॉप-अप मागितला. मी म्हटलं, अरे बाबा, यात नुसते पैसे पडतील, प्लॅन पुढे जाणार नाही. म्हणतो कसा, चालतंय, म्हाताऱ्यांना कुणाला फोन करायचाय, आलेले घेतात तेवढे पुरे."

मॅडमनी दाढेवर जीभ फिरवली. "पण पैसे होते ना फोनमध्ये? मग झालं तर."

टॉवर उत्तर देणार तोच एक रंगारी दुकानाच्या फळीवर येऊन आदळला. कोपरापर्यंत पांढरा रंग.

"टॉवर, हे काय लफडं आहे? पैसे आहेत आत, पडद्यावर दिसताहेत, आणि फोन जाईना. मुकादम तिकडे शिव्या घालत असेल. केव्हाचा लावतोय, दरवेळी आपली ती बाई बोलते."

"कुठली बाई?" मॅडमनी विचारलं.

रंगारी त्यांच्याकडे बघून जरा वरमला. मग त्यानं फोनचा आवाज मोठा केला आणि नंबर लावला. घंटी वाजलीच नाही. एक बाई बोलायला लागली. आवाज गोड होता, शांत होता. आपल्या प्लॅनची वैधता संपली आहे, कृपया रिचार्ज करा, ती म्हणाली.

"पैसे आहेत पण प्लॅन संपलाय बाबा तुझा," टॉवर समजावत होता. "प्लॅन नसला की पैसे असून उपयोग नाही. येणारे फोन काही दिवस येत राहतात, जाणारा एकही जात नाही."

मॅडमनी फळीला धरलं. दाढेचं दुखणं त्या क्षणी त्यांना आठवतसुद्धा नव्हतं.

४

कंपाउंडरच्या खोलीत त्यांनी तिघांनाच बोलावलं. थोरली, धाकटा आणि शिकवणीच्या बाई. दार लोटून घेतलं.

"काल इथं बाई आली नव्हती," मॅडम म्हणाल्या. "बाई फोनमध्ये होती."

त्यांनी टॉवरच्या दुकानातलं सगळं सांगितलं. सांगताना त्या धाकट्याकडे बघत नव्हत्या, पलंगाकडे बघत होत्या.

"कंपाउंडरच्या छातीत दुखायला लागलं. जन्मभर दवाखान्यात काढलेला माणूस, काय होतंय हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळलं असेल. उठले, आणि दाराची कडी काढून ठेवली. येणाऱ्याला दार फोडायला लागू नये म्हणून. तिथंच एक चप्पल राहिली. मग पलंगावर येऊन मुलीला फोन लावला. भिंतीपलीकडे पाढे चालले होते, हाक मारून उपयोग नव्हता. पोलिसांचा किंवा ॲम्ब्युलन्सचा नंबर प्लॅन नसतानाही लागतो, पण अशा वेळी माणूस सरकारला नाही बोलावत, आपल्या माणसाला बोलावतो. फोन गेला नाही. ती बाई बोलली. परत लावला, परत तीच. पैसे आहेत, मग का जात नाही, हे त्यांना कळेना. म्हणून ते तिलाच विनवत राहिले, अहो बाई, एकदाच. ध्वनिमुद्रण आहे हे माहीत असतं हो आपल्याला. पण जीव घाबरा झाल्यावर माणूस समोर जो आवाज असेल त्याला हात जोडतो."

शिकवणीच्या बाईंनी मधल्या भिंतीवर हात ठेवला. "देवा रे, आणि मला तिचा राग येत होता," त्या पुटपुटल्या.

"असं कसं?" धाकटा म्हणाला. त्याचा आवाज आता जिन्यापर्यंत जाईल असा नव्हता. "सकाळी फोन लागला की. शिपायानं लावला."

"लागला. मेसेज आल्यानंतर लावला. आम्ही दोघंही गाढव, आधी मेसेज आला आणि मग फोन चालला हा क्रमच लक्षात घेतला नाही. रात्रभर मुका असलेला फोन सकाळी कुणीतरी बोलका केला. कशाला? ज्याला कंपाउंडर गेल्याचं माहीत नव्हतं त्यानं चुकून केला असता, तर विचारल्यावर सरळ सांगितलं असतं की मी केला. कुणीच हो म्हणालं नाही. म्हणजे करणाऱ्याला माहीत होतं की ते गेलेत. आणि सगळ्यांच्या आधी ते एकालाच माहीत होतं. तू ओरडण्याआधी जिन्यात मोबाईल घेऊन बसला होतास. दे बरं तो मोबाईल. बघू सकाळी काय केलंस."

मॅडमनी हात पुढे केला. धाकट्यानं खिशावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभा राहिला. मोबाईल काढायची गरजच उरली नाही.

"मी मारलं नाही त्यांना," तो शेवटी म्हणाला. "आलो तेव्हा अंग गार होतं. त्यांचा फोन हातातच होता. ताईला लावायला म्हणून मी त्यावरूनच लावला, आणि ती बाई बोलली. तेव्हा मला कळलं काय झालंय ते. मला वाटलं, सगळे म्हणणार, मुलानं बापाला चार पैशांसाठी... मी भ्यालो मॅडम. मी लावलेला तेवढा पुसला, फोन खाली टाकला, बाहेर येऊन प्लॅन मारला. मेसेज लगेच येईल आणि मी तो पुसून टाकीन असं वाटलं होतं. नेटवर्क नव्हतं. आलाच नाही. तोवर लोक जमले."

"आणि ताईचं नाव?"

"ते तोंडातून निघून गेलं. निघालं ते निघालं, मग मागे घेता येईना."

"तुला तुझी बहीण दिसत होती ना जिन्यात? सबंध सकाळ?"

धाकट्यानं तोंड फिरवलं.

"तुला अडकवायला माझ्याकडे मोठंसं कलम नाही," मॅडम कडवटपणे म्हणाल्या. "पुराव्याशी खेळलास, त्याचं काय करायचं ते मी बघेन. पण स्वस्त टॉप-अप घेणं हा गुन्हा नाही. तुझं नशीब."

थोरली पुढे आली. तिनं मॅडमच्या दंडाला हात लावला.

"म्हणजे माझ्याकडे वाजलाच नव्हता?"

"नाही. वाजलाच नव्हता."

"आणि बाबांना? त्यांना काय वाटलं असेल? मी उचलत नाही असं?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. एवढ्या वर्षांच्या नोकरीत कुणाला काही ठामपणे सांगता आलं म्हणून त्यांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. "घंटीच गेली नाही ना. तुझ्यापर्यंत फोन पोचत नाहीये, हे त्यांना पक्कं कळत होतं. म्हणून तर त्या बाईला विनवत होते. त्यांचा राग असला तर तिच्यावर होता."

थोरलीनं मान हलवली. एकदा, दोनदा. मग विचारलं, "ती बाई शेवटी काय म्हणते?"

मॅडमना हे सांगायचं नव्हतं. पण जे असेल ते ऐकून घेईन म्हणालेल्या बाईला खोटं कसं सांगायचं.

"धन्यवाद म्हणते," त्या म्हणाल्या.

५

खाली गाडीचा आवाज आला. इस्पितळातून कंपाउंडरना आणलं होतं. जिन्यावरची माणसं उठायला लागली, चपला शोधायला लागली.

"आधी तू बाहेर जा," थोरली भावाला म्हणाली. "त्यांना वर आणायच्या आत सांग सगळ्यांना. मॅडमनी नाही सांगायचं. तू सांग."

"ताई, नंतर सांगतो. आता सगळ्यांसमोर..."

"सकाळी सगळ्यांसमोरच बोललास ना."

धाकट्यानं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी दार उघडून धरलं आणि बाजूला झाल्या. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. सोफे विकणाऱ्याची जीभ, पण पहिलं वाक्य निघायला वेळ लागला.

"ताईला फोन लागलाच नव्हता," तो म्हणाला. "ती खरं बोलत होती."

 मग एका चुलत्यानं साधेपणानं विचारलं, "का रे? पैसे तर होते ना फोनमध्ये? मग का नाही लागला?"

धाकटा कठडा धरून उभा होता. खालून गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. तो बोलला ते इतक्या हळू की आत्याला कान पुढे करावा लागला.

"प्लॅन संपला होता. मी भरला नव्हता. मला माहीत होतं."

कुणी ओरडलं नाही की अंगावर गेलं नाही. दुसरा चुलता उठला आणि त्याच्याकडे न बघता, अंग चोरून खाली उतरला. त्याच्या मागून, आत्या सोडून, बाकीचेही तसेच उतरले.

थोरली दारातून बाहेर आली. भावाजवळ थांबली नाही. दोन पायऱ्या उतरली आणि पुढे कुठे जायचं ते न सुचून उभी राहिली. आत्या भिंतीकडे सरकली, आपल्या शेजारची जागा तिनं हातानं पुसली आणि म्हणाली, "बस गं पोरी."

थोरली बसली. एप्रनचा बोळा तोंडाशी धरला आणि सकाळपासून पहिल्यांदाच, बाप गेला म्हणून, ती मोठ्यानं रडायला लागली.